गमावलेली सात मिनिटे: एका हौशी ट्रायथलॉन स्पर्धकाचे प्रकरण

पार्श्वभूमी

पोहणे, सायकल आणि धावणे हे तिन्ही सलग करायच्या ट्रायथलॉन स्पर्धेत उतरलेली या प्रकरणातील स्पर्धक ही चाळिशी ओलांडलेली, दिवसभर बैठे काम करणारी आणि बरीच वर्षे हौसेने धावणारी स्त्री आहे. तिची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव, ठिकाण आणि स्पर्धेचे वर्ष येथे दिलेले नाही. वेळा आणि अंतरे मात्र तिच्या घड्याळातील नोंदी, आयोजकांचे निकालपत्रक आणि सरावाची वही यांवरून घेतली आहेत, आणि जिथे तिची आठवण व नोंदी यांचा मेळ बसला नाही, तिथे तसे सांगितले आहे. हा मेळ न बसणे हाच या प्रकरणातील सर्वांत बोधक भाग आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

स्पर्धेपूर्वी तिची क्षमता अशी होती: दहा किलोमीटर ती ५२ मिनिटांत धावत असे, सपाट रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरच्या आसपास वेगाने दीड तास सायकल चालवू शकत असे आणि जलतरण तलावात १,५०० मीटर न थांबता ३८ मिनिटांत पोहत असे. पोहायला ती मोठेपणी शिकली होती, त्यामुळे तिची पद्धत नीटनेटकी असली तरी पाण्याशी लहानपणापासूनचा सलोखा असणाऱ्यांची निश्चिंती तिच्यात नव्हती.

तिने निवडलेली स्पर्धा स्टँडर्ड अंतराची होती, म्हणजे १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे. २००० सालच्या सिडनी ऑलिंपिकमध्ये ट्रायथलॉनचा समावेश झाला तो याच अंतराने, म्हणून त्याला ऑलिंपिक अंतर असेही म्हणतात. त्याच दिवशी त्याच मार्गावर स्प्रिंट गटही होता, ज्यात तिन्ही अंतरे बरोबर निम्मी असतात. पोहणे एका जलाशयात तीन बोयांना, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांना, वळसा घालून व्हायचे होते. पोहण्यासाठी एक तास आणि संपूर्ण स्पर्धेसाठी चार तास अशी कमाल वेळमर्यादा होती.

अडचण

वरवर पाहता तिच्या तयारीत खोट काढणे अवघड होते. आठवड्याला सुमारे सात तासांच्या सरावात तीन तास सायकल, अडीच तास धावणे आणि दीड तास पोहणे असे. स्पर्धेसाठी तिने धरलेल्या २०० मिनिटांपैकी पोहण्याला ४० मिनिटे, म्हणजे एक पंचमांश वेळ लागणार होता, आणि सरावातही पोहण्याचा वाटा जवळजवळ तेवढाच होता. हिशेब चुकला नव्हता, पण तो हिशेब फक्त वेळेचा होता. धोका आणि अनिश्चितता त्या प्रमाणात वाटली गेलेली नसते. सायकलवर किंवा धावताना दम लागला तर वेग कमी करून रस्त्याच्या कडेला उभे राहता येते. पाण्यात तसे उभे राहायला जागा नसते.

हा केवळ मनाचा खेळ नाही. अमेरिकेतील ट्रायथलॉन स्पर्धांचा १९८५ ते २०१६ या काळातील आढावा घेणारा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यू आणि हृदयक्रिया अचानक बंद पडून नंतर वाचवले गेलेले स्पर्धक अशा एकूण १३५ घटना नोंदवल्या गेल्या, आणि त्यांपैकी ९० पोहण्याच्या टप्प्यात घडल्या होत्या. सायकलवरील अपघातांमुळे झालेले मृत्यू १५ होते. भाग घेणाऱ्यांच्या एकूण संख्येच्या मानाने हे प्रमाण फार लहान आहे, परंतु ज्या टप्प्याला सर्वांत कमी वेळ लागतो त्यातच दोन तृतीयांश घटना घडाव्यात, ही गोष्ट सरावाची आखणी करताना विसरता येत नाही.

दुसरी अडचण कमी दिसणारी होती. तिच्याकडे प्रत्येक टप्प्यासाठी ठरवलेली वेळ होती, पण ठरवलेली वेळ चुकली तर पुढे काय करायचे, याचा विचार वहीत कुठेही नव्हता.

नाव नोंदवतानाचे पर्याय

तिच्यासमोर चार पर्याय होते. स्प्रिंट गटात नाव द्यायचे. स्टँडर्ड गटात उतरायचे. तिघांच्या रिले संघात फक्त धावण्याची बाजू सांभाळायची. किंवा पुढच्या हंगामापर्यंत थांबून खुल्या पाण्याचा पुरेसा सराव करायचा. रिलेचा विचार तिने लगेच सोडला, कारण धावणे तिला येतच होते. थांबणेही नको होते. त्यामुळे खरा निर्णय स्प्रिंट की स्टँडर्ड एवढाच उरला.

तिचा प्रशिक्षक स्प्रिंटच्या बाजूचा होता. त्याचे म्हणणे असे की पहिल्या स्पर्धेत शिकण्यासारख्या गोष्टी अंतराशी संबंधित नसतात: गर्दीत पाण्यात उतरणे, ओल्या अंगाने हेल्मेट घालणे, सायकलवरून उतरून जड झालेल्या पायांनी धावणे हे सगळे ७५० मीटरच्या स्पर्धेतही तितकेच शिकायला मिळते. तिचे म्हणणे असे की एवढ्या वर्षांच्या धावण्यानंतर तासाभरात उरकणारे अंतर तिला खुणावत नव्हते आणि तिची तयारी मोठ्या अंतरासाठी पुरेशी होती. (स्प्रिंट तासाभरात उरकते ते अव्वल खेळाडूंचे. तिला स्वतःला त्यासाठी दीड तासाहून अधिक लागला असता, पण हा मुद्दा त्या चर्चेत कोणी काढला नाही.) शेवटी तिने स्टँडर्ड गट निवडला.

हा निर्णय मुळात चुकीचा होता असे म्हणता येणार नाही, कारण शारीरिक क्षमतेच्या दृष्टीने ती हे अंतर पूर्ण करू शकत होती आणि तिने ते केलेही. मात्र अवघड पर्याय निवडल्यावर सरावाची वाटणी बदलायला हवी होती, ती बदलली नाही.

तयारी

सायकलनंतर लगेच धावण्याचा जोडसराव, ज्याला या खेळातले लोक ‘ब्रिक’ म्हणतात, तिने नियमितपणे केला. त्यावरूनच स्पर्धेतील धावण्यासाठी ५२ ऐवजी ५८ मिनिटे धरली होती, आणि हा अंदाज समंजस होता. जलाशयात मात्र ती मोजक्याच वेळा पोहली, तीही सुरक्षा नौका सोबत असलेल्या एका गटाबरोबर, संध्याकाळी, वारा पडलेला असताना आणि पाण्यात चार-सहा जण असताना. स्पर्धा सकाळी होणार होती, पहिला बोया पूर्वेला होता आणि तिच्या लाटेत, म्हणजे एकाच वेळी पाण्यात सोडल्या जाणाऱ्या तुकडीत, साठ-सत्तर जण असणार होते. सराव खुल्या पाण्यातला होता, पण त्याची परिस्थिती स्पर्धेसारखी नव्हती.

तलावात प्रत्येक पंचवीस मीटरला भिंत येते, तळाशी रेघ दिसते आणि वळताना क्षणभर विसावा मिळतो. जलाशयात यातले काहीच नसते. तिथे सरळ जायचे असेल तर दर सहा ते दहा हातांनंतर डोळे पाण्याच्या वर काढून बोया पाहावा लागतो. हे तिला सांगितले गेले होते आणि तिने ते केलेही होते, परंतु शांत पाण्यात समोर पोहणाऱ्याच्या पायांमागे जाण्याची सवय लागल्याने स्वतः दिशा धरण्याचा सराव जवळजवळ झालाच नाही.

वेटसूटचा, म्हणजे ऊब देणाऱ्या आणि तरंगायला मदत करणाऱ्या रबरी पोशाखाचा, प्रश्न परस्पर मिटला. वर्ल्ड ट्रायथलॉन या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार हौशी वयोगटांसाठी १,५०० मीटरपर्यंतच्या पोहण्यात पाण्याचे तापमान २२ अंश सेल्सियसपेक्षा जास्त असल्यास वेटसूट चालत नाही, आणि त्या सकाळी पाणी २४ अंश होते.

पहिल्या बोयापाशी

सुरुवातीचा भोंगा वाजल्यावर ती गर्दीच्या मध्यभागी होती. तिच्या आठवणीनुसार पहिल्या बोयाच्या थोडे अलीकडे कोणाची तरी लाथ बसून गॉगल सरकला, तोंडात पाणी गेले आणि श्वास सुटला. ही आठवण खरी असणार, पण घड्याळ आणखी एक गोष्ट सांगते. सुरुवातीचे शंभरेक मीटर ती दोन मिनिटांहून कमी वेळात पोहली, तर तलावात तिला शंभर मीटरला नेहमी अडीच मिनिटे लागत. मनगट पाण्याखाली जात असल्याने पोहतानाच्या उपग्रह-नोंदी नेमक्या नसतात हे मान्य केले तरी एवढा फरक केवळ यंत्राचा म्हणता येत नाही. लाथ बसली तेव्हा तिचा श्वास आधीच अपुरा पडत होता.

त्या क्षणी तिच्यापुढे तीन वाटा होत्या. तशीच पुढे रेटायचे. हात वर करून सुरक्षा पथकाला बोलवायचे आणि स्पर्धा सोडायची. किंवा थांबून श्वास ताळ्यावर आणायचा आणि मग ठरवायचे. पहिली वाट धोक्याची होती. तिसऱ्या वाटेबद्दल तिला एक शंका होती, जी अनेक नवख्यांना असते, की सुरक्षा पथकाच्या कयाकला, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या होडीला, हात लावला तर आपण बाद होऊ. प्रत्यक्षात नियम असा आहे की बोया किंवा थांबलेली नौका धरून विश्रांती घेता येते, फक्त तिच्या आधाराने पुढे सरकता येत नाही. आदल्या संध्याकाळच्या माहिती-सत्रात हे एका वाक्यात सांगितले गेले होते आणि ते वाक्य तिच्या लक्षात राहिले होते. या संपूर्ण प्रकरणात एका वाक्याची एवढी किंमत दुसरीकडे कुठे दिसत नाही.

ती प्रथम पाठीवर वळली, गर्दीच्या रेषेतून बाजूला झाली आणि मग कयाकचे टोक धरले. कयाकवरील स्वयंसेवकाने नाव विचारले, छातीत दुखते का, खोकला येतो का, हे विचारले. या प्रश्नांना अर्थ असतो. पोहताना क्वचित फुप्फुसांत द्रव साचतो आणि त्याची खूण म्हणजे विसावा घेऊनही न थांबणारी धाप, खोकला आणि कधी गुलाबी, फेसाळ थुंकी. असे काही असल्यास किंवा छातीत दुखत असल्यास पाण्याबाहेर येण्यावाचून पर्याय नसतो. तिला यातले काहीच नव्हते. तिने लांब, सावकाश उच्छ्वास सोडायला सुरुवात केली. घाबरलेला पोहणारा हवा आत घेण्यासाठी धडपडतो, पण आधीची हवा पूर्ण बाहेर टाकत नाही, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि घुसमट वाढते. म्हणून सुधारणा उच्छ्वासापासून सुरू होते. सुमारे दोन मिनिटांत तिला सलग वाक्य बोलता येऊ लागले. तेव्हाच तिने पुढे जायचे ठरवले, आणि ब्रेस्टस्ट्रोकने सुरुवात करून मग फ्रीस्टाइलवर आली. ट्रायथलॉनमध्ये पोहण्याच्या कोणत्याही प्रकाराला मनाई नसते.

हा निर्णय योग्य होता आणि योग्य क्रमाने घेतला गेला: आधी सुरक्षित जागा, मग तपासणी, मग निर्णय.

सायकलवर

पाण्याबाहेर येताना घड्याळात ४७ मिनिटे झाली होती, म्हणजे ठरवल्यापेक्षा सात मिनिटे जास्त. ट्रान्झिशन क्षेत्रात, म्हणजे एका टप्प्यातून दुसऱ्यात जाताना साहित्य बदलण्याच्या जागी, आपली रांग कोणती हे न आठवल्याने आणखी दोन मिनिटे गेली. सायकल रॅकवरून काढण्यापूर्वी हेल्मेटचा पट्टा लावलेला असावा लागतो हा नियम तिने नीट पाळला, त्याबद्दल तक्रार नाही.

सायकलवर बसल्यावर तिने जो निर्णय घेतला, तो कोणाशी बोलून किंवा विचार करून घेतलेला नव्हता, आणि म्हणूनच तो निर्णय होता हेही तिला नंतर कळले. गेलेली मिनिटे सायकलवर भरून काढायची, असे तिने मनाशी धरले. ४० किलोमीटरसाठी ठरवलेली वेळ ९५ मिनिटे होती; तिने ते अंतर ९० मिनिटांत कापले.

ताशी २५.३ वरून २६.७ किलोमीटर हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. परंतु हवेचा अडथळा भेदायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे सपाट रस्त्यावर, वारा नसतानासुद्धा, साडेपाच टक्के जास्त वेगासाठी साधारण १५ टक्के जास्त जोर लावावा लागतो. त्या दिवशी जाताना समोरून वारा होता आणि तिने जोर स्थिर ठेवण्याऐवजी वेग स्थिर ठेवला, जे अशा वेळी सर्वांत महाग पडते. भर म्हणजे हौशी गटांत दुसऱ्याच्या मागे चिकटून वाऱ्यापासून आडोसा घेता येत नाही. दहा मीटरचे अंतर राखावे लागते आणि पुढच्याला ओलांडायचे तर वीस सेकंदांत ओलांडावे लागते. पाण्यातून उशिरा निघाल्यामुळे तिच्यापुढे हळू जाणारे बरेच सायकलस्वार होते, आणि त्या प्रत्येकाला ओलांडताना एकेक छोटी मुसंडी मारावी लागली. हृदयगती १५० च्या आत ठेवायची असे ठरले होते. नोंदीतील सरासरी १६१ आहे. दोन बाटल्यांपैकी एक भरलेलीच परत आली.

धावताना

पहिला किलोमीटर ५ मिनिटे २० सेकंदांत गेला. सायकलच्या वेगाची सवय झालेल्या डोळ्यांना धावण्याचा वेग कमी वाटतो, त्यामुळे हे नवख्यांच्या बाबतीत नेहमी होते. दुसरा किलोमीटर ५ मिनिटे ५० सेकंदांत, तिसरा ६ मिनिटे ५० सेकंदांत, आणि चौथ्यात पोटरीत गोळा आल्याने ती चालू लागली. त्याला आठ मिनिटे लागली.

इथे तिने दिवसातला दुसरा चांगला निर्णय घेतला. पोटरी सैल झाल्यावर पुन्हा जमेल तेवढे धावायचे आणि पुन्हा थांबायचे, हा मोह टाळून तिने पाच मिनिटे धावणे व एक मिनिट चालणे असा ठरावीक क्रम लावला, प्रत्येक पाण्याच्या टेबलापाशी थांबून प्यायली, आणि उरलेले सहा किलोमीटर एकसारख्या गतीने ४४ मिनिटांत पूर्ण केले. ठरावीक क्रमाचा फायदा असा की दर वेळी थकलेल्या मनाला नव्याने निर्णय घ्यावा लागत नाही.

निकाल

एकूण वेळ ३ तास ३६ मिनिटे. ठरवलेल्या ३ तास २० मिनिटांपेक्षा सोळा मिनिटे जास्त, आणि चार तासांच्या मर्यादेत आरामात. टप्प्यांचा हिशेब असा: पोहण्यात सात मिनिटे गेली, पहिल्या ट्रान्झिशनमध्ये दोन गेली, सायकलवर पाच मिळाली, दुसरे ट्रान्झिशन ठरल्याप्रमाणे तीन मिनिटांचे झाले, आणि धावण्यात बारा गेली. या बाराही मिनिटांचा दोष सायकलला देणे अन्यायाचे होईल, कारण ऊन वाढले होते आणि पाणी कमी पडले होते. तरी त्यातला मोठा वाटा तिथलाच आहे, हे हृदयगतीच्या नोंदीवरून मानायला हरकत नाही.

अधिक रोचक हिशेब त्या सात मिनिटांचा आहे. स्पर्धेनंतर कित्येक दिवस ती सगळ्यांना सांगत होती की कयाकपाशी तिची सात मिनिटे गेली. नोंदीनुसार तिथला थांबा दोन मिनिटांचा होता. घड्याळाने दाखवलेले पोहण्याचे अंतर मात्र १,५०० ऐवजी १,६८० मीटर होते. यातला काही भाग यंत्राच्या चुकीचा धरला तरी उरलेला भाग वाकडेतिकडे पोहण्याचा आहे, आणि तिच्या वेगाने १८० मीटरला जवळपास पाच मिनिटे लागतात. सूर्य समोर होता, गॉगलच्या काचा पारदर्शक होत्या आणि बोया दिसत नव्हता, तेव्हा ती इतरांच्या टोप्यांच्या मागे गेली, आणि तेही भरकटलेलेच होते. घाबरण्याने जेवढा वेळ गेला, त्याच्या दुपटीहून अधिक दिशा चुकण्याने गेला, आणि त्याचा तिला पत्ताही नव्हता.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत स्वस्त सुधारणा पोहण्यातली होती. सकाळच्या वेळी, सूर्याकडे तोंड करून, गडद काचांचा गॉगल घालून आणि कोणाच्याही मागे न जाता बोया शोधण्याचा सराव काही वेळा केला असता तर बहुतेक जादा अंतर वाचले असते. बोया दिसत नसेल तर त्याच्या मागचे झाड, टेकडी किंवा इमारत आधीच हेरून ठेवायची असते. सुरुवातीला गर्दीच्या कडेला किंवा मागे उभे राहून पहिली दोनशे मीटर मुद्दाम हळू पोहणे हा दुसरा उपाय. त्यात काही सेकंद जातात, पण श्वास सुटण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. आयोजकांनी सुरुवातीपूर्वी पाण्यात थोडे पोहू दिले असते तर आणखी बरे झाले असते, पण तो निर्णय तिच्या हातात नव्हता.

सायकलच्या बाबतीत प्रश्न ताकदीचा नव्हता. ‘वेळ चुकली तर’ या शीर्षकाखाली वहीत दोन ओळी असत्या तर पुरल्या असत्या: हृदयगतीची मर्यादा बदलायची नाही, आणि पाण्यातून किती वाजता बाहेर आलो हे सायकलवर बसल्यावर पाहायचे नाही. दुसरी ओळ काही वाचकांना टोकाची वाटेल. प्रशिक्षकालाही ती तशी वाटते. त्याच्या मते आकडा माहीत असूनही शांत राहणे हेच शिकायला हवे. प्रस्तुत लेखकाचे मत असे की पहिल्या एक-दोन स्पर्धांत एवढी अपेक्षा ठेवू नये, आणि घड्याळाचा तो पडदा सरळ बंद ठेवावा.

अंतराच्या निवडीबद्दल मात्र ती आणि प्रशिक्षक यांचे अजून एकमत झालेले नाही. प्रशिक्षक म्हणतो, हेच सगळे निम्म्या अंतरात शिकता आले असते आणि पोटरीही दुखावली नसती. ती म्हणते, निम्म्या अंतरात सायकलवरची चूक खपून गेली असती आणि लक्षात आली नसती. वीस किलोमीटर जोर लावून मारले तरी पुढचे पाच किलोमीटर कसेबसे धावून होतात. या युक्तिवादात तथ्य आहे. पोटरी पूर्ण बरी व्हायला तीन आठवडे लागले, हेही तितकेच खरे. त्यानंतर तिने सरावात पोहण्याचा वाटा दीड तासावरून अडीच तासांवर नेला, त्यातले एक सत्र दर आठवड्याला सकाळी जलाशयात ठेवले, आणि पुढच्या हंगामासाठी पुन्हा स्टँडर्ड गटातच नाव नोंदवले.